तिकीट एकाचे, पदवी दुसऱ्याची

अमेरिकेतील राज्य सरकारांनी चालवलेल्या लॉटऱ्यांचा आधुनिक इतिहास १९६४ मध्ये न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यापासून सुरू होतो आणि तेव्हापासूनच ‘हा पैसा शिक्षणासाठी’ हे समर्थन लॉटरीच्या तिकिटाला जणू चिकटलेले आहे. जुगाराला सरकारने हात लावावा काय, या नैतिक प्रश्नाचे उत्तर देण्यापेक्षा शाळेतील मुलांकडे बोट दाखवणे राज्यकर्त्यांना नेहमीच सोयीचे गेले. मात्र पहिल्या दोन-अडीच दशकांत या समर्थनात एक मोठी फट होती. लॉटरीचे उत्पन्न शिक्षण खात्याच्या खात्यात जमा होई, पण तेवढ्याच प्रमाणात विधिमंडळ आपली नेहमीची तरतूद कमी करी, आणि वर्षअखेरीस शाळांच्या हाती पूर्वीइतकीच रक्कम उरे. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले, अशा या व्यवहारामागच्या गुणधर्माला सार्वजनिक वित्तशास्त्रात निधीची अदलाबदलक्षमता म्हणतात. १९९३ मध्ये जॉर्जिया राज्याने हाच प्रश्न टाळण्यासाठी एक वेगळी वाट धरली, आणि ती इतकी लोकप्रिय ठरली की पुढील पंधरा-वीस वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील बहुतेक राज्ये त्याच वाटेने गेली.

जॉर्जियाच्या राज्यघटनेत लॉटरीला मनाई होती. झेल मिलर यांनी १९९० ची गव्हर्नरपदाची निवडणूक लॉटरीच्या आश्वासनावर लढवली आणि जिंकली. मिलर हे राज्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात, वडिलांच्या पश्चात आईने वाढवलेले, काही काळ प्राध्यापकी केलेले राजकारणी होते. घटनादुरुस्तीसाठी नोव्हेंबर १९९२ मध्ये सार्वमत झाले, चर्चसंस्थांचा कडवा विरोध असूनही ते निसटत्या बहुमताने संमत झाले आणि जून १९९३ मध्ये पहिली तिकिटे विक्रीस आली. महत्त्वाचा भाग पुढचा आहे. उत्पन्न सामान्य शिक्षणखर्चात न मिसळता त्यातून पूर्वी अस्तित्वातच नसलेल्या योजना चालवायच्या असे ठरले, म्हणजे जुन्या तरतुदीला कात्री लावण्याची सोयच उरू नये. चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत बालवाडी ही त्यांतली एक, आणि दुसरी ‘होप’ या नावाने ओळखली जाणारी महाविद्यालयीन शिष्यवृत्ती. हे नाव एका लांबलचक इंग्रजी शीर्षकाच्या आद्याक्षरांवरून जुळवलेले असले, तरी त्यातून निघणारा ‘आशा’ हा अर्थ प्रचारकांच्या नजरेतून सुटला असेल असे मानण्याचे कारण नाही.

योजनेचे मूळ रूप अगदी सुटसुटीत होते. शालान्त शिक्षणात सरासरी ‘बी’ श्रेणी, म्हणजे चारपैकी तीन गुणांकाची सरासरी, मिळवणाऱ्या राज्यातील रहिवासी विद्यार्थ्याने राज्यातच शिक्षण घ्यायचे ठरवले, तर सार्वजनिक विद्यापीठाची पूर्ण शिक्षण फी, इतर सक्तीची शुल्के आणि पुस्तकांसाठी काही रक्कम राज्य भरणार. खासगी महाविद्यालयात गेल्यास ठरावीक रक्कम मिळणार. पहिल्या वर्षी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ६६ हजार डॉलर होती, दुसऱ्या वर्षी ती एक लाखावर नेली गेली आणि १९९५ मध्ये पूर्णपणे काढून टाकण्यात आली. उत्पन्नाचा निकष तिसऱ्याच वर्षी गेला आणि गुणांचा तेवढा राहिला. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने असलेल्या शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा पहिला प्रश्न कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती असा असतो. जॉर्जियाने तो प्रश्न विचारायचेच सोडून दिले, आणि योजनेचा पुढचा सारा इतिहास या एका निर्णयातून उलगडत गेला.

हा पैसा येतो कोठून, हे आधी पाहणे भाग आहे. लॉटरीत जमा होणाऱ्या प्रत्येक डॉलरमधील सर्वांत मोठा वाटा बक्षिसांत परत जातो, विक्रेत्यांचे कमिशन, जाहिराती आणि प्रशासन यांत आणखी काही खर्च होतो, आणि उरलेला भाग शिक्षणाच्या खात्यात पडतो. जॉर्जियाच्या कायद्यात हा उरलेला भाग शक्यतो ३५ टक्के असावा अशी अपेक्षा नमूद आहे, प्रत्यक्षात मात्र तो पुष्कळ वर्षे पंचवीस टक्क्यांच्या आसपासच रेंगाळला. बक्षिसे वाढवली तर विक्री वाढते आणि टक्का घसरला तरी एकूण रक्कम वाढते, असा लॉटरी चालवणाऱ्यांचा युक्तिवाद असतो आणि तो व्यापारी दृष्टीने चुकीचाही नाही. तिकीट घेणारे मात्र समाजात समप्रमाणात विखुरलेले नसतात. पेट्रोल पंपाला लागून असलेल्या दुकानात गल्ल्याच्या मागे काचेच्या चौकटीत स्क्रॅच तिकिटांची रंगीत रिळे टांगलेली असतात, आणि सुट्या पैशांतून दोन-पाच डॉलरचे तिकीट फाडून घेणारे ग्राहक बहुधा हातावर पोट असणारे असतात. चार्ल्स क्लॉटफेल्टर आणि फिलिप कुक या अर्थतज्ज्ञांनी १९८९ मध्ये राज्य लॉटऱ्यांवर लिहिलेल्या ग्रंथात दाखवले की, कमी उत्पन्नाचे कुटुंब आपल्या उत्पन्नाचा अधिक मोठा हिस्सा तिकिटांवर खर्च करते; ज्या कराचा भार गरिबावर उत्पन्नाच्या प्रमाणात जास्त पडतो त्याला प्रतिगामी कर म्हणतात, आणि लॉटरीतून राज्याला मिळणारा वाटा हा या अर्थाने प्रतिगामी, फक्त स्वेच्छेने भरलेला कर आहे.

गोळा होणारा पैसा प्रतिगामी असला तरी वाटप गरिबांकडे झुकले असते तर हिशेब कदाचित जुळला असता. रॉस रुबेनस्टाइन आणि बेंजामिन स्काफिडी यांनी २००२ मध्ये जॉर्जियातील दोन्ही बाजू एकत्र मांडून पाहिल्या आणि चित्र उलटे निघाले: तिकिटांवर तुलनेने अधिक खर्च करणारी कुटुंबे कमी उत्पन्नाची आणि श्वेतेतर होती, तर लाभाचा मोठा वाटा अधिक उत्पन्नाच्या, श्वेतवर्णीय कुटुंबांकडे जात होता. बालवाडीचा लाभ त्या मानाने अधिक समन्यायी वाटला जात होता, हे त्यांचे निरीक्षण कमी उद्धृत होते, पण ते महत्त्वाचे आहे. त्यावरून दोष लॉटरीच्या पैशात कमी आणि शिष्यवृत्तीच्या रचनेत अधिक असल्याचे स्पष्ट होते. सुरुवातीच्या वर्षांत तर रचना याहूनही विचित्र होती. केंद्र सरकारकडून गरजू विद्यार्थ्यांना ‘पेल’ नावाचे अनुदान मिळते, आणि हे अनुदान मिळणाऱ्याच्या होप शिष्यवृत्तीतून तेवढी रक्कम वजा केली जात असे. परिणाम असा की सुखवस्तू घरातील मुलाला पूर्ण फी मिळे, तर ज्याची फी पेलमधूनच भागत होती त्या गरीब विद्यार्थ्याच्या हाती होपमधून पुस्तकांच्या रकमेपलीकडे फारसे काही पडत नसे. ही वजावट २००० च्या सुमारास थांबली.

विद्यार्थ्यांच्या वाटचालीवर या पैशाचा काय परिणाम झाला, याचा अभ्यास करणाऱ्यांना जॉर्जियाने एक प्रयोगशाळाच उघडून दिली होती. सुझन डायनार्स्की यांनी जॉर्जियातील अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणांची तुलना शेजारच्या, अशी योजना नसलेल्या राज्यांतील तरुणांशी केली, आणि शिष्यवृत्तीमुळे महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाण सात ते आठ टक्क्यांच्या फरकाने वाढल्याचा निष्कर्ष काढला. मात्र ही वाढ प्रामुख्याने मध्यम आणि उच्च उत्पन्न गटांत होती, आणि कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय तरुणांतील अंतर त्यामुळे रुंदावले. ख्रिस्तोफर कॉर्नवेल, डेव्हिड मस्टर्ड आणि दीपा श्रीधर यांनी महाविद्यालयांच्या पटसंख्येवरून केलेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या प्रवेशांतील वाढ सुमारे सहा टक्के आढळली, आणि चार वर्षांच्या महाविद्यालयांत वाढलेल्या मुलांपैकी बरीचशी अशी होती की जी एरवीही शिकलीच असती, फक्त दुसऱ्या राज्यात जाऊन. शिष्यवृत्तीने पुष्कळांच्या बाबतीत ‘शिकावे की नाही’ हा निर्णय बदलला नाही, ‘कोठे शिकावे’ एवढा बदलला. राज्याच्या दृष्टीने हेही यशच होते, कारण हुशार मुले बाहेर जाऊ नयेत हा योजनेचा उघड हेतू होता, आणि अथेन्स शहरातील जॉर्जिया विद्यापीठ व अटलांटातील जॉर्जिया टेक यांची प्रवेशाची चुरस त्यानंतर झपाट्याने वाढली. ज्या कुटुंबांनी फीसाठी पैसे आधीच बाजूला ठेवले होते त्यांचे ते पैसे मोकळे झाले, आणि कॉर्नवेल व मस्टर्ड यांनी पुढे वाहन नोंदणीच्या आकडेवारीवरून असे दाखवले की श्रीमंत काउंट्यांत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यांसारख्या प्रशासकीय विभागांत, होपच्या वाढीबरोबर मोटारींची खरेदीही वाढली. लॉटरीचे तिकीट एका वस्तीत फाटले आणि गाडी दुसऱ्या वस्तीत दारापुढे उभी राहिली, असे म्हणायला आकडेवारीचा आधार आहे.

याहून अधिक बोलके निष्कर्ष प्रवेशानंतरच्या वर्षांबाबतचे आहेत. होप टिकवण्यासाठी महाविद्यालयातही सरासरी ३.० राखावी लागे आणि तिची तपासणी ३०, ६० व ९० श्रेयांकांच्या टप्प्यांवर होई. श्रेयांक म्हणजे विषयाच्या साप्ताहिक तासिकांवरून ठरणारे अभ्यासाचे माप. साधारण १२० श्रेयांक पुरे झाले की पदवी मिळते. नियमात गुणांची अट होती, वेगाची नव्हती. कॉर्नवेल, मस्टर्ड आणि क्युंग ही ली यांनी जॉर्जिया विद्यापीठातील स्थानिक विद्यार्थ्यांची तुलना त्याच वर्गांत बसणाऱ्या, पण परराज्यातून आल्यामुळे होपला अपात्र असलेल्या विद्यार्थ्यांशी केली, तेव्हा स्थानिक विद्यार्थी सत्रात पूर्ण भाराचे विषय कमी घेऊ लागल्याचे, अर्ध्यावर विषय सोडण्याचे प्रमाण वाढल्याचे आणि पुष्कळ विषय उन्हाळी सत्राकडे ढकलले जात असल्याचे दिसले. प्रगतिपत्रकावर सोडलेल्या विषयापुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर पडते आणि ते सरासरीत धरले जात नाही, तर उन्हाळी वर्गांत गुण सढळ हाताने मिळतात असा सर्वत्र अनुभव आहे. मध्यसत्राच्या परीक्षेत रसायनशास्त्रात ‘सी’ पडणार अशी लक्षणे दिसताच विषय सोडून देणारा विद्यार्थी आळशी नव्हता. हजारो डॉलर पणाला लागलेल्या माणसाने करावा तोच हिशेब तो करत होता. ज्ञानाला उत्तेजन देण्यासाठी आखलेल्या नियमाने त्याला काठाकाठाने पोहायला शिकवले, याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

विषयनिवडीवरही हीच छाया पडली. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांत पहिल्या दोन वर्षांत गुण कडकपणे दिले जातात, त्यामुळे ३.० ची रेघ सांभाळणाऱ्याला त्या धोक्याच्या वाटतात. डेव्हिड स्योक्विस्ट आणि जॉन विंटर्स यांनी गुणाधारित शिष्यवृत्ती देणाऱ्या राज्यांचा अभ्यास करून अशा योजनांमुळे या शाखांतील पदवीधरांचे प्रमाण घटल्याचे दाखवले. जॉर्जियाच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये केलेली दुरुस्ती म्हणजे या दोषाची एक प्रकारे कबुलीच होती: ठरावीक विज्ञान-गणित विषयांत ‘बी’, ‘सी’ किंवा ‘डी’ मिळाल्यास शिष्यवृत्तीच्या हिशेबापुरता अर्धा गुणांक वाढवून धरायचा. अवघड विषय घेणाऱ्याला ही सवलत मिळेपर्यंत योजनेला दोन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

नियमातील एका ओळीने केवढा फरक पडतो, हे वेस्ट व्हर्जिनियाच्या ‘प्रॉमिस’ शिष्यवृत्तीवरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशावरूनही होत नाही. कोळसा खाणींच्या या राज्याने लॉटरीच्या, विशेषतः व्हिडिओ लॉटरी यंत्रांच्या उत्पन्नातून २००२ पासून ही शिष्यवृत्ती देण्यास सुरुवात केली. गुणांची अट जॉर्जियासारखीच, पहिल्या वर्षी २.७५ आणि पुढे ३.० सरासरीची, पण तिच्या जोडीला दरवर्षी ३० श्रेयांक पूर्ण करण्याची अट घातली गेली. अमेरिकेत सत्राला १२ श्रेयांक घेणारा विद्यार्थीही पूर्णवेळ मानला जातो, पण त्या गतीने वर्षाला २४ च श्रेयांक होतात आणि १२० गाठायला पाच वर्षे लागतात. वर्षाला ३० ची सक्ती म्हणजे चार वर्षांत पदवी, हे गणित नियमातच गोवलेले होते. जुडिथ स्कॉट-क्लेटन यांनी प्रवेशपरीक्षेच्या किमान गुणांच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. एका गुणाने पात्र ठरलेला आणि एका गुणाने हुकलेला विद्यार्थी एरवी सारखेच असतात, तेव्हा पुढील फरक शिष्यवृत्तीचा मानता येतो, हे या पद्धतीचे तर्कशास्त्र आहे. शिष्यवृत्तीधारकांत चार वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढलेले दिसले. त्याहून मार्मिक बाब अशी की ही मुले पहिली तीन वर्षे अटीच्या रेषेच्या नेमके थोडे वर राहून श्रेयांक मिळवत होती, आणि चौथ्या वर्षी, जेव्हा पैसे मिळतच होते पण पुढे नूतनीकरण उरले नसल्याने अट निरर्थक झाली होती, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. पैशाने नुसती चिंता हलकी होऊन अभ्यास सुधारला असता तर तो चौथ्या वर्षीही सुधारलेला दिसायला हवा होता. स्कॉट-क्लेटन आणि बसित झफर यांनी याच विद्यार्थ्यांचा पुढे दीर्घकाळ मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यात पदव्युत्तर शिक्षण घेणारे, स्वतःचे घर असणारे आणि कर्जफेडीत न अडकलेले लोक तुलनेने अधिक आढळले.

हा निष्कर्ष सरसकट लागू करण्याची घाई मात्र करता येत नाही. टेनेसीत २००२ मध्ये घटनेतील लॉटरीबंदी उठली, २००४ मध्ये तिकिटे आणि शिष्यवृत्ती दोन्ही सुरू झाली. डोनाल्ड ब्रूस आणि सेलेस्ट कॅरुथर्स यांनी तेथील काठावरच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा एकूण महाविद्यालयीन प्रवेशावर परिणाम जवळपास नव्हता, फक्त दोन वर्षांच्या स्वस्त कम्युनिटी कॉलेजऐवजी मुले चार वर्षांच्या महागड्या विद्यापीठांकडे वळली होती. न्यू मेक्सिकोने शालेय गुण न पाहता महाविद्यालयाच्या पहिल्याच सत्रात २.५ सरासरी मिळवणाऱ्या कोणालाही लॉटरीतून फी देण्याचे धोरण ठेवले. इतकी उदार आणि इतकी सोपी अट दुसरीकडे क्वचितच सापडेल, पण क्रिस्टोफर अर्विन आणि मेलिसा बाइंडर यांना तेथे पदवी पूर्ण करण्याच्या एकूण प्रमाणात फरक दिसला नाही. शाळेतून चांगल्या तयारीने आलेल्यांचे प्रमाण वाढले होते आणि कच्च्या तयारीच्या विद्यार्थ्यांचे तितकेच घसरले होते, त्यामुळे सरासरीत दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकून गेल्या. फी नसल्यामुळे चार वर्षांच्या विद्यापीठाकडे ओढला गेलेला कच्चा विद्यार्थी तेथे अडखळतो, ही शक्यता धोरणकर्त्यांनी गंभीरपणे घ्यायला हवी. जॉर्जिया आणि आर्कान्सा यांच्या बाबतीत डायनार्स्कींना पदवीधरांच्या संख्येत वाढ दिसली होती, पण स्योक्विस्ट आणि विंटर्स यांनी जनगणनेचा अधिक मोठा नमुना घेऊन तोच हिशेब पुन्हा केला तेव्हा ती वाढ जवळजवळ विरून गेली. प्रवेश वाढवणे सोपे, पदवीपर्यंत पोहोचवणे अवघड, एवढे या सर्व अभ्यासांतून निर्विवाद दिसते.

लोकप्रिय योजनांचा खर्च लॉटरीच्या विक्रीपेक्षा वेगाने वाढतो, आणि तेव्हा खरी परीक्षा होते. २०११ मध्ये गव्हर्नर नेथन डील यांच्या काळात जॉर्जियाने होपमधून पुस्तकांची रक्कम आणि इतर शुल्के काढून टाकली, फीचाही काही भागच देण्याचे ठरवले, आणि शालेय सरासरी ३.७ व प्रवेशपरीक्षेत उच्च गुण असणाऱ्यांपुरती पूर्ण फीची वेगळी ‘झेल मिलर शिष्यवृत्ती’ निर्माण केली. सामान्य होपधारकाला पूर्ण फी पुन्हा मिळू लागायला २०२३ साल उजाडले. त्याच कात्रीत तांत्रिक महाविद्यालयांतील वेल्डर, परिचारिका साहाय्यक, मोटार मेकॅनिक होऊ पाहणाऱ्यांच्या ‘होप अनुदाना’लाही ३.० ची अट लागली. या अनुदानावर दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणारी, घरसंसार असलेली प्रौढ माणसे अवलंबून होती. हजारोंनी अनुदान गमावले, तांत्रिक महाविद्यालयांचा पट घसरला आणि दोनच वर्षांत, २०१३ मध्ये, सरकारला अट २.० वर आणावी लागली. उत्तम वेल्डिंग करणाऱ्याला बीजगणितात ‘बी’ मिळालाच पाहिजे असा हट्ट कोणाच्या हिताचा होता, हे विधिमंडळाला तोवर उमगले असावे.

अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा या योजनेशी थेट संबंध येतो. होपसाठी राज्यातील रहिवासाबरोबरच अमेरिकेचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, लागते. त्यामुळे एच-१बी व्हिसावर आलेल्या अभियंत्याची मुलगी बालवाडीपासून जॉर्जियात शिकली, वर्गात पहिली आली, तरी ग्रीन कार्डाची रांग पुढे सरकलेली नसेल तर ती अपात्र ठरते, आणि याच घरात अमेरिकेत जन्मलेला तिचा धाकटा भाऊ पात्र ठरतो. तिकीट विकत घेताना दुकानदार व्हिसा विचारत नाही, हे ओघाने आलेच.

दुरुस्तीचे प्रयत्न वेगवेगळ्या दिशांनी झाले आहेत. केंटकीने लॉटरीच्या शिष्यवृत्ती निधीतील अर्ध्याहून अधिक वाटा उत्पन्नाच्या निकषावर आधारित अनुदानांना दिला आणि उरलेल्यातून शाळेच्या प्रत्येक वर्षाच्या सरासरीनुसार थोडी थोडी रक्कम साठत जाण्याची व्यवस्था केली, म्हणजे एका वर्षाच्या घसरणीने सारे हातचे जात नाही. आर्कान्साने पहिल्या वर्षी कमी आणि पुढील वर्षांत अधिक रक्कम देण्याचा क्रम स्वीकारला. टेनेसीने लॉटरीच्या साठलेल्या गंगाजळीतून ‘टेनेसी प्रॉमिस’ उभी केली आणि २०१५ पासून कम्युनिटी कॉलेज मोफत करणारे ते पहिले राज्य ठरले. इतर सर्व अनुदाने वजा जाऊन उरलेली फी भरायची, असे तिचे स्वरूप असल्याने पेल अनुदानातच फी भागणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला येथेही रोख लाभ थोडाच होतो, पण शालेय गुणांची अट नाही आणि मार्गदर्शकाच्या भेटी मात्र सक्तीच्या आहेत.

जॉर्जियातील वीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी आतापर्यंत होपचा लाभ घेतला आहे आणि २०११ च्या टंचाईनंतर लॉटरीची राखीव गंगाजळी एक अब्ज डॉलरच्या वर गेली आहे. इतकी शिल्लक असूनही आर्थिक गरजेवर आधारित व्यापक राज्य अनुदान नसलेल्या अमेरिकेतील मोजक्या राज्यांत जॉर्जियाची गणना २०२२ पर्यंत होत राहिली. त्या वर्षी पदवीपूर्तीसाठी जास्तीत जास्त अडीच हजार डॉलरचे एक नवे अनुदान मंजूर झाले, मात्र मूळ नियमानुसार अभ्यासक्रमाचा ८० टक्के भाग पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यालाच त्यासाठी अर्ज करता येत होता. ही मर्यादा पुढे काही प्रमाणात खाली आणली गेली, तरी फीअभावी पहिल्याच वर्षी महाविद्यालय सोडणारा विद्यार्थी तिच्या बाहेरच राहतो.